डावीकडे गेलेला धूर

"हे उलटं आहे," ती म्हणाली.

नव्या डॉक्टरनं फोन तिच्यासमोर आणखी थोडा पुढे केला. काचेवर यान निळ्या आभाळात चढत होतं, मग ते नव्हतं. त्याच्या जागी पांढऱ्या धुराचा गोळा होता, गोळ्यातून दोन शेपट्या फुटल्या, एक बारीक, एक जाड, आणि जाड शेपटी आकड्यासारखी वाकून उजवीकडे गेली. "उलटं म्हणजे?" "धूर डावीकडे जातो." "मॅडम, धुरानं तुम्हाला विचारून जायला हवं होतं," तो म्हणाला, आणि एक्स-रे विभागात चहाला जमलेली माणसं हसली. तीही हसली. तिच्या हातातला कप बशीवर थोडा कलला. शेजारच्या कारकूनबाईंनी तो अलगद काढून घेतला. "द्या इकडे, नाहीतर पाडाल." यावर सगळे पुन्हा हसले, कारण ती काय पाडते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं.

त्या अवकाशयानाच्या अपघाताला आज एकोणचाळीस वर्षं झाली, असं कुणीतरी पेपरात वाचून आलं होतं, आणि मग ज्याला त्याला ते टीव्हीवर दाखवलं तेव्हा आपण कुठे होतो ते सांगायची हौस आली. मोठ्या सिस्टर मोठ्या बहिणीच्या लग्नाची साडी निवडत होत्या. कारकूनबाई गोवर येऊन पडल्या होत्या. व्यायाम शिकवणारे गृहस्थ वडिलांच्या स्कूटरवर मागे बसले होते आणि एका दुकानासमोर गर्दी दिसली म्हणून वडिलांनी स्कूटर थांबवली होती. नवा डॉक्टर तेव्हा जन्मालाही आला नव्हता, आणि हे त्यानं असं सांगितलं की जणू त्यासाठी त्यानं फार कष्ट घेतले होते. वर आभाळात माणसं जळून गेली आणि खाली प्रत्येकानं आपापली जागा तेवढी धरून ठेवली, मी इथे होतो, मी तिथे होतो, असं तिच्या मनात आलं. तिची पाळी आली. "तुमचं ते आरशाचं सांगा की," कारकूनबाई म्हणाल्या. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. बाईंना ते माहीत होतं, त्या भेटायला येऊन डोळे पुसून गेल्या होत्या, पण गोष्ट चांगली होती आणि चांगल्या गोष्टीपुढे माणसाला राहवत नाही. तिनं सांगितली. वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, टीव्हीपुढे धरायचा आरसा, सात वर्षांची वेंधळी पोर, आणि शेवटचं वाक्य, जे इतक्या वर्षांत घासूनघासून गुळगुळीत झालं होतं: "तिकडे यान फुटलं आणि इकडे माझ्या हातून आरसा." हशा. वडिलांच्या हाताचं काय झालं ते ती या गोष्टीत कधी घालत नसे. मग नव्या डॉक्टरला तो व्हिडिओ शोधायची बुद्धी झाली.

तिनं तो कधी पाहिला नव्हता. त्या दुपारनंतर एकदाही नाही. घरात टीव्ही नव्हता. दुकानात बारा आणि घरात एकही नाही, दिव्याखाली अंधार, असं आई म्हणायची. पुढे कुठे ते चित्र लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची, कुणाच्याही घरचं असो. पेपरातला फोटो दिसायच्या आत पान उलटायची. गोष्ट सांगायला तिला काही वाटत नसे, गोष्ट तिनं शिवून बंद केली होती. चित्र उघडं होतं. आता ते कुणाच्या तरी तळहातावर लागलं होतं आणि त्याची बाजू चुकली होती, आणि बाजू चुकणं ही एकच चूक ती जगात कुणालाही माफ करत नसे. चोवीस वर्षं ती हेच काम करत होती. दर एक्स-रेच्या फोटोवर शिशाचं एक अक्षर ठेवायचं, डाव्या बाजूला डाव्याचं, उजव्या बाजूला उजव्याचं. एकदा चुकलं तर चांगल्या गुडघ्यावर सुरी चालते. शिकाऊ मुलींना ती सांगायची, तुझं नाव विसरलीस तरी चालेल. त्या तिला मागून काय म्हणतात तेही तिला माहीत होतं.

चहानंतर एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो होता. त्याला उभं केलं, खांदे पुढे घ्यायला सांगितले, श्वास आत, धरा, सोडा. त्याच्या पाठीचे मणके शर्टाबाहेर आल्यावर बाबांसारखे दिसले आणि तिला त्याचा राग आला. असे राग हल्ली येत होते: लिफ्टमध्ये शीळ घालणाऱ्या माणसाचा, "वय झालं होतं ना त्यांचं" म्हणणाऱ्यांचा, "सुटले बिचारे" म्हणणाऱ्यांचा तर इतका की दात दुखायचे. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तिनं कपडे बदलायच्या खोलीची कडी लावली आणि स्वतःच्या फोनवर तो व्हिडिओ शोधला. एक, दुसरा, पाचवा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले. सगळीकडे धूर उजवीकडेच गेला. तिचा धूर, एकोणचाळीस वर्षं जपलेला, डोळे मिटले की आजही हलणारा, डावीकडेच जात होता. बसली होती त्या स्टुलासमोर भिंतीवर रुग्णांसाठी एक आरसा होता आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ त्यात दिसत होतं. त्याचा सेकंदकाटा मागे चालला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. एक फेरी पुरी झाली. दुसरीच्या मध्यात तिला कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं पायाचे तळवे जमिनीवर घट्ट दाबले, बस अचानक थांबली की दाबतात तसे.

टीव्ही दुरुस्त करणारा माणूस टीव्हीच्या मागे बसतो, चित्र पुढे असतं. पाठचं झाकण काढून आतले बारीक स्क्रू फिरवायचे तर फिरवल्यानं चित्राचं काय होतंय ते दिसायला हवं, म्हणून पुढे हातभर अंतरावर आरसा धरायचा. मागे बसलेला माणूस टीव्हीच्या डोक्यावरून त्या आरशात बघतो. बाबांचा आरसा एका जुन्या कपाटाच्या दाराचा होता, जड, कडा न घासलेल्या, टेकू देऊन उभा राहायचा नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी धरावा लागे. जो आरसा धरतो तो टीव्हीसमोर उभा असतो. त्याला चित्र सरळ दिसतं, जगाला दिसतं तसं. उलटं दिसतं ते मागे बसलेल्याला, आणि मागे बसलेल्याच्या शेजारी जो उभा असेल त्याला.

ती शेजारी उभी होती. आता ते सगळं इतक्या निमूट येऊन जागच्या जागी बसलं की तिला आपलीच शिसारी आली. हे सगळं इथेच होतं, आणि ती गोष्टी सांगत फिरत होती. बाबांच्या डाव्या खांद्याशी, दोन्ही हातांत बॅटरी धरून, सेटच्या आत उजेड पाडत. तिच्याकडे बॅटरी असायची. तापलेल्या धुळीचा वास, सोल्डरिंगच्या राळेचा वास, बाबांच्या मानेवरची घामाची रेघ. त्या सेटमध्ये माणसांचे चेहरे लालभडक येत होते, आणि आदल्या रात्रीच्या अपघाताच्या बातमीत, उड्डाणाआधी यानात बसायला निघालेली माणसं हात हलवत चालली होती, सगळी भाजल्यासारखी. बाबांनी एक स्क्रू केसभर फिरवला. "आता?" "अजून लाल." आणखी केसभर. "आता?" "आता माणसं झाली," ती म्हणाली, आणि बाबा हसले, मान न वळवता, त्यांचं हसू तिला आरशात दिसलं. रंग तिला कळायचा. बाबांनाही तितका कळत नसे, ते तिलाच विचारायचे, आणि दुकानात आलेल्या माणसाला सांगायचे, माझा रंगाचा डोळा माझ्या शेजारी उभा आहे बघा. मोठी झाले की मी इथेच बसणार, असं तिनं तेव्हा ठरवून टाकलं होतं, त्याच स्टुलावर, सेटच्या मागे, जिथून जग उलटं पण दुरुस्त करता येण्यासारखं दिसतं. मग यान चढलं. मग धूर. डावीकडे. आणि धूर दिसत असतानाच आरसा खाली गेला, बाबांचा हात आत कुठेतरी लागला, एक आवाज झाला, फांदी मोडल्यासारखा, आणि विजेच्या धक्क्यानं बाबा स्टुलासकट मागे फेकले गेले. तिच्या हातातून काहीतरी पडलं. हे तिला नक्की आठवत होतं, हातातून काहीतरी निसटल्याची ती रिकामी जाणीव. त्या जाणिवेवर तर सगळी गोष्ट उभी होती. पडली ती बॅटरी होती.

आणि बोटं. आरशाच्या दोन्ही कडांवरून पुढे आलेली आठ बोटं तिला कायम आठवायची, स्वप्नातही यायची, आणि त्यांना ती आपलीच समजत आली होती. आरसा धरणाऱ्याला स्वतःची बोटं अशी समोरून कशी दिसतील? उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना शाई लागलेली होती. सात वर्षांच्या पोरांना शाळेत पेन्सिल देत. पेन दहा वर्षांच्यांना मिळे.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "मॅडम, लहान बाळ आहे, धरायला या." बाळांना फोटोसाठी धरायचं काम तिच्याकडेच असे, सगळ्या विभागात तिच्यासारखं घट्ट आणि न दुखवता कुणी धरत नसे. घरी मात्र दादाचा मुलगा झाला तेव्हा वहिनी त्याला तिच्या हातात देताना म्हणायची, "वन्सं, आधी खाली बसा हं." काचेच्या बाटल्या, देवाला ठेवल्यासारखा जपलेला कपांचा संच, वहिनीची आंदणातली फुलदाणी, कशालाही ती हात लावायला गेली की कुणीतरी म्हणायचं, राहू दे गं, आणि ते इतक्या प्रेमानं म्हणायचं की भांडायला जागा नसे. पुढे लग्न जुळलं आणि मोडलं, तेव्हाही आई म्हणाली होती, हातचं सोडलंस.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवसानंतर मेली. जखम भरली, पण त्यांना गरम-गार कळेना; बारीक स्क्रू चिमटीतून गळून पडायचे आणि ते गुडघ्यावर बसून फरशीवर शोधायचे. त्या संध्याकाळी आई पट्टी बांधत होती तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीच्या हातून आरसा पडला." एवढंच. ओरडले नाहीत. दादा दारात उभा होता, पट्टी बघत. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून येऊन दुकानात गेली तर बाबा म्हणाले, "तू आत जा, आईला मदत कर," आणि बॅटरी दादाच्या हातात होती. आरशाला त्यांनी लाकडाचा स्टँड करून घेतला. तिला कुणी मारलं असतं तर तिनं कधीतरी उलट विचारलं असतं. न मारल्यामुळे ते खरं झालं.

पाच आठवड्यांपूर्वी, दवाखान्यातल्या शेवटच्या सोमवारी, बाबांच्या अंगावर धरण्यासारखी जागाच उरली नव्हती, नळ्या, चिकटपट्ट्या. ती दोन बोटं तेवढी मोकळी होती. ती धरून ती म्हणाली होती, "बाबा, मला माफ करा." कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. ते शुद्धीवर होते, डोळे उघडे होते, तिच्याकडेच होते. म्हणाले, "जाऊ दे. लहान होतीस तू." त्यांनी तिला माफ केलं. आरशात बघत असलेल्या माणसानं, ज्याला त्या कडांवरची बोटं तिच्याहून जवळून दिसत होती, त्यानं तिला तिनं न केलेल्या गोष्टीची माफी दिली, आणि तिनं ती घेतली, आणि गेले पाच आठवडे ती रोज उशीखाली घेऊन झोपत होती. टेबलावर बाळाचे दोन्ही दंड तिनं डोक्याच्या बाजूंना धरले. बाळ किंचाळत होतं. "हलवू नका," बाहेरून शिकाऊ मुलगी म्हणाली. "मी नाही हलत," ती म्हणाली, इतक्या चढ्या आवाजात की बाळही क्षणभर गप्प झालं.

संध्याकाळी ती बाबांच्या घरी गेली. दुकान पुढे, घर मागे, मध्ये नुसता पडदा. दादा दुकान रिकामं करत होता. पहिल्या तारखेपासून तिथे चष्मेवाला येणार होता. टीव्ही आता कुणी दुरुस्त करत नाही, नवा घेतात. गेली दहा वर्षं दादा तिथे मोबाइलची कव्हरं विकत होता. तो फरशीवर बसून जुन्या वायरचं वेटोळं करत होता, ढेरी मांड्यांवर, चष्मा कपाळावर. पडद्याआड आई भांडी आवरत होती.

"या," दादा म्हणाला. "जपून पाय टाक बाई, खाली काचेचं सामान आहे. आज काय पाडायला आलीस?"

"त्या दिवशी आरसा कुणी धरला होता?"

"कुठल्या दिवशी?"

ती काचेच्या सामानाला वळसा घालून पुढे आली.

"तू," तो म्हणाला. "सगळ्या गावाला सांगत फिरतेस ना? आम्हाला दुसऱ्यांकडून ऐकावं लागतं, काय पण तुमची बहीण, हसून हसून पोट दुखलं म्हणून."

"मला धूर डावीकडे जाताना आठवतो."

दादाच्या हातातली वायर थांबली. आयुष्य सेटच्या मागे बसून काढलेला माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वायरीकडे पाहिलं, चष्मा पुन्हा वर केला. भिंतीवर तो आरसा होताच, स्टँडमधून काढून खिळ्याला टांगलेला, एक कोपरा त्याच दिवशी उडालेला. बाबा पुढे पुढे त्यात बघून दाढी करायचे.

"मी दहा वर्षांचा होतो," दादा म्हणाला.

"मी सात."

"बाबांनीच सांगितलं. मी नाही सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, गप्प बस. लोकांना कळलं तर उद्या तुला कुणी सेटला हात लावू देणार नाही, आणि तुला इथेच बसायचंय. तिचं काय, ती कुठे दुकानात बसणार आहे."

"मला बसायचं होतं."

"अगं, वेडी का तू? मुलगी—"

"मला बसायचं होतं, दादा. रंग मला कळायचा. तुला अजून कळत नाही. तो हिरवा शर्ट बघ तुझा."

हे क्षुद्र होतं आणि लागलं. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "शिकलीस. पगार आहे, पेन्शन आहे. पांढरा कोट घालून फिरतेस. माझं काय झालं बघ. मला विचारलं होतं का कुणी, बसणार का म्हणून? त्यांची बोटं गेली ना, मग माझी दहा त्यांची झाली. खेळायला नाही, कॉलेजला नाही, स्क्रू फिरव. रोज समोर ती दोन बोटं. तुला एकदा वाटलं असेल वाईट, सणासुदीला. मी रोज जेवलो त्या हाताशेजारी."

"दवाखान्यात त्यांनी मला माफ केलं."

"माहीत आहे. मी दारात होतो."

तिला वाटलं, हा जन्मभर दारातच उभा आहे. "मग?"

"मग काय? आत येऊन सांगू? नळ्या लावलेल्या माणसाला खोटं पाडू? एवढं झालं, जाताना तुला बरं वाटेल असं बोलले, घे ना. कुणाला नको असतं? मला तर तेवढंही म्हणाले नाहीत." त्याचा आवाज फाटला आणि तिला दया आली नाही. ती आतून चाचपत होती, कुठे येते का ती, नेहमीची, पटकन येणारी, पण तिथे नुसता एक गुळगुळीत कोपरा होता. "म्हाताऱ्याला आता विचारता येत नाही म्हणून माझ्या अंगावर आलीस," दादा म्हणाला. "काय हवंय तुला? आरसा हवाय? घे. घेऊन जा. लाव घरात आणि बघत बस, धूर कुठे जातो ते."

त्यानं आरसा खिळ्यावरून उपसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे केला. कडांवरून आठ बोटं पुढे आली होती, जाड झालेली, नखं पिवळी. मध्ये तिचाच चेहरा. तिनं हात पुढे केले नाहीत. कोटाच्या खिशात होते, तिथेच राहू दिले. दादाला आयुष्यभराची सवय होती, तो ज्या बाजूला सोडी तिथे कुणीतरी धरत आलं होतं. त्यानं सोडला.

आवाज फार मोठा झाला नाही. जुनी काच, चार मोठे तुकडे आणि बाकी बारीक. एक तुकडा तिच्या चपलेपर्यंत येऊन उताणा थांबला, त्यात छताचा पंखा फिरत होता.

आतली भांडी थांबली.

"काय पाडलंस गं?" आई पडद्याआडून म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत होता. दहा वर्षांच्या मुलाचा तो चेहरा तिनं त्या वेळी पाहिला नव्हता. त्या वेळी तो आरशाच्या मागे होता. तो वाट बघत होता. तिला कळलं की आपण आत्ता "हो" म्हटलं तर सगळं आहे तसं राहील, ती गोष्ट, तो हशा, उशीखालची ती माफी.

"दादानं," ती म्हणाली. "तेव्हाही."

पडद्याआड नळ बंद झाला. थेंब पडत राहिले, मग तेही थांबले. आई पडद्यापर्यंत आली असावी; पडद्याखालून तिची पावलं दिसत होती, ओली, एकमेकांना चिकटून उभी.

"त्याला लागलं नाही ना?" आई म्हणाली.

झाडू दाराआडच होता, लहानपणापासून तिथेच असायचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पंखा फिरत होता त्या तुकड्यावरून पाय उचलून पलीकडे टाकला, आणि ती रस्त्यावर उतरली.